ल्युटेशियमचा डोस घ्यायला गावाहून निघताना: प्रोस्टेटच्या पेशंटला आन् घरच्यांना माहीत पाह्यजे ते सगळं

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेला, हार्मोनची इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, कोणाची किमोपण झाली, आन् तरी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा रक्तातला आकडा, चढूनच राहिला की मग नागपूरचे डॉक्टर म्हणतात, ल्युटेशियम करून पाहू. तिथून घरात गोंधळ सुरू होतो. अंगात रेडिएशन टोचतात म्हणे, बाबांच्या जवळ बसता येत नाही म्हणे, लेकराबाळांच्या घरात आणायचं कसं. माझ्या बाबांचा हा इलाज झाला तेव्हापासून दारव्हा-दिग्रसकडचे, वाशीमकडचे लोक मला फोन करतात आन् पहिला प्रश्न सगळ्यांचा किरणांचाच असतो. मी म्हणतो भाऊ, किरणांची काळजी हॉस्पिटलवाले तुमच्यापेक्षा जास्त घेतात, तुम्ही हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) आन् तारीख एवढ्या तीन गोष्टी सांभाळा, कारण डोस अडकतो तो यांच्यापायी.

मी काही डॉक्टर नाही. बाबांसोबत वार्डाबाहेर बसून जे पाहिलं, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं आन् बाकी पेशंटच्या घरच्यांकडून जे ऐकलं ते लिहून राहिलो. तुमचे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचंच ऐका.

आधी हा इलाज काय आहे ते समजून घ्या

प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रोटीन लय जास्त असते. त्याला जाऊन चिकटणारं एक औषध आहे, आन् त्या औषधाला ल्युटेशियम-१७७ हा किरण सोडणारा पदार्थ जोडलेला असतो. इंजेक्शन शिरेतून जाते, रक्तातून फिरते आन् जिथं जिथं गाठ आहे, कमरेच्या मणक्यात, बरगडीत, लिम्फ नोडमध्ये, तिथं जाऊन बसते. याचे किरण शरीरात जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात म्हणून आजूबाजूचा भाग पुष्कळसा वाचतो. मशीनखाली झोपवून जो शेक देतात तो एका जागेवर असतो, हा एकाच वेळी सगळ्या अंगातल्या गाठींवर जातो, एवढा फरक ध्यानात ठेवा. ल्युटेशियम आपल्या देशातच तयार होते, मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव रिअॅक्टरमध्ये, काही ठिकाणी बाहेरूनपण मागवतात.

आता सगळ्यात अवघड गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण घरचे लोक ही विचारायला भितात आन् मग शेत विकून बसतात. हा इलाज कॅन्सर मुळापासून काढत नाही. २०२१ मध्ये व्हिजन नावाचा मोठा अभ्यास छापून आला, ८३१ पेशंटचा, सगळे गोळ्या आन् किमो होऊन गेलेले. ज्यांना नेहमीच्या इलाजासोबत ल्युटेशियम दिलं ते मधल्या हिशोबानं १५.३ महिने जगले आन् ज्यांना नाही दिलं ते ११.३ महिने. म्हणजे चारेक महिन्यांचा फरक. कोणाला याच्यापेक्षा लय जास्त मिळते, कोणाला काहीच मिळत नाही. पीएसए निम्म्याच्या खाली उतरला तो शंभरातल्या ४६ लोकांचा. म्हणजे निम्म्याहून जरा जास्त लोकांचा तेवढा उतरला नाही, हे पण त्याच आकड्यात आहे. पण दुखणं कमी होणं, उठून अंगणात बसता येणं, पोळ्याला बैल पाहायला जाता येणं, याची किंमत ज्याच्या घरी पेशंट आहे त्यालाच समजते. आमच्या बाबांना दुसऱ्या डोसनंतर रात्रीची झोप लागायला लागली, आमच्यासाठी तेच लय होतं.

२०२२ मध्ये अमेरिकेत याला मंजुरी मिळाली ती किमो होऊन गेलेल्या पेशंटसाठी, २०२५ मध्ये काही पेशंटसाठी किमोच्या आधीपण द्यायची मंजुरी मिळाली. त्यामुळं "किमो नाही केली तर ल्युटेशियम मिळतच नाही" हे आता सरसकट खरं नाही, डॉक्टरांना सरळ विचारा.

पहिलं काम: पीएसएमए पेट स्कॅन

साध्या सीटीवर किंवा बोन स्कॅनवर हा इलाज ठरत नाही. पीएसएमए पेट स्कॅन लागतो. त्यात गॅलियम-६८ नावाचा पदार्थ टोचतात, तो गाठींना चिकटतो आन् फोटोत त्या चमकतात. गाठी चांगल्या चमकल्या तरच ल्युटेशियम तिथं जाऊन बसेल. चमकल्याच नाहीत तर पैसे वाया जातात, म्हणून स्कॅन न करता कोणी थेट डोसचीच गोष्ट करत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. कधी कधी डॉक्टर आणखी एक, साखरेचा म्हणजे एफडीजी पेट सांगतात. लोकांना वाटते बिल वाढवून राहिले, पण काही गाठी पीएसएमएवर दिसत नाहीत आन् त्याच जास्त वाईट असतात, त्या शोधायला तो असतो.

रिपोर्ट हातात आला की घाबरू नका, त्यात लाळेच्या ग्रंथी, किडनी, लिव्हर, आतडं इथंपण चमक लिहिलेली असते. तिथं पीएसएमए निसर्गानंच थोडं असते. एका पेशंटच्या पोरानं रिपोर्ट वाचून "किडनीतपण कॅन्सर गेला" म्हणून घरी रडारड करून टाकली होती. तोंड कोरडं पडायचं कारणपण हेच आहे, ते पुढं सांगतो.

दुसरं काम, आन् माझ्या मते सगळ्यात मोठं: रक्त आन् किडनी

प्रत्येक डोसच्या आधी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), क्रिएटिनिन, लिव्हरचे रिपोर्ट आन् पीएसए पाहतात. हाडात पसरलेल्या कॅन्सरनं हाडातली मज्जा, जिथं रक्त तयार होते ती, आधीच दबलेली असते, त्यात किमो झालेली, त्यात किरण जाणार, म्हणून हिमोग्लोबिन आन् प्लेटलेट बरे असले पाह्यजे. औषध लघवीवाटे बाहेर पडते म्हणून किडनी चालू पाह्यजे.

आपल्याकडं यात घोळ कुठं होतो ते सांगतो. कंबर दुखते म्हणून म्हातारा माणूस गावातल्या डॉक्टरकडं जातो, तो डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ठोकतो, बरं वाटते, मग दर दोन दिवसांनी तेच. नाहीतर मेडिकलवाला पुडीत चार गोळ्या बांधून देतो, त्यातली एक हमखास पेनकिलर. महिनाभरानं क्रिएटिनिन वाढलेलं निघते आन् तिकडं डोस थांबतो. दुखणं सोसा असं मी म्हणून नाही राहिलो. कॅन्सरच्या दुखण्यावर किडनीला न मारणाऱ्या गोळ्या असतात, पॅरासिटामॉलपासून मॉर्फिनपर्यंत, मॉर्फिन डॉक्टरच्या चिठ्ठीवर कॅन्सर हॉस्पिटलात मिळते, पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारा विभाग विचारा. मॉर्फिन सुरू झालं म्हणजे माणूस संपला, असं काही नसते. पोट घट्ट होते तेवढं, त्यासाठी पोट साफ व्हायचं औषध सोबतच मागून घ्या.

वैदूचा पाला, कुठल्या बाबाची काळी गोळी, भस्म, हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेचं आहे पण डोसच्या दिवसांत बंद ठेवा, भस्मात काय धातू आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसते. खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या गावांनी, किडनीकडं आणखीच लक्ष द्यावं, प्यायला फिल्टरचं पाणी घ्यावं. आन् गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडच्या कोणाच्या घरात सिकलसेल असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, हिमोग्लोबिन काऊन कमी आहे हे डॉक्टरला समजलं पाह्यजे.

लघवी अडकत असेल, नळी लागलेली असेल, तर ते आधी युरोलॉजीवाल्यांना दाखवून नीट करून घ्यायचं. गाठीनं दाबून किडनीवर सूज आली असेल तर कोणाकोणाला स्टेंट, म्हणजे लघवीच्या वाटेत बारीक नळी, टाकावा लागतो. हे डोसच्या आदल्या दिवशी समजण्यात अर्थ नाही.

हार्मोनचं इंजेक्शन मात्र बंद करायचं नाही. दर तीन महिन्यांनी घेत असाल तर ते चालूच राहते. ज्यांचं वृषण काढायचं ऑपरेशन झालं आहे त्यांना इंजेक्शनची गरज नसते, पण ऑपरेशनचा कागद फाइलला लावा, नव्या डॉक्टरला ते माहीत नसते आन् तो विनाकारण पुन्हा इंजेक्शन लिहून देतो.

कागद आन् पैसा

एका डोसचं बिल लाखात जाते, आन् हॉस्पिटलप्रमाणे फरक लय पडतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. नागपुरात न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग असलेली हॉस्पिटलं आहेत, नाहीतर मग मुंबईला परळचं टाटा मेमोरियल. भाव विचारताना "डोसचे किती" एवढंच विचारू नका, खोली, स्कॅन, रक्त, सगळं मिळून किती आन् डोसनंतरचा स्कॅनचा फोटो त्यात धरला का, हे विचारा.

योजनेचं असं आहे की महात्मा फुले आन् आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आन् ७० वर्षांच्या वरच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. पण ल्युटेशियम तुमच्या हॉस्पिटलात त्या योजनेत बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्रालाच विचारायचं, गावातल्या सेतूवाल्याला नाही. आरोग्यमित्र "नाही" म्हणाला तर निदान पेट स्कॅन, किमो, भरती यातलं काय बसते ते विचारून घ्या. मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय कक्षाकडं अर्ज करता येतो, त्याला हॉस्पिटलचं खर्चाचं पत्रक लागते, आन् ते डोसच्या आधी करायचं असते, नंतर धावपळ करून उपयोग नाही. नाव आधारवर वेगळं आन् रेशनकार्डावर वेगळं असेल तर आजच दुरुस्तीला टाका. आपल्याकडं "रामभाऊ" आन् "रामराव" यातच महिना जातो.

तारीख म्हणजे तारीख

ही गोष्ट मेडिकलमधून बाटली आणल्यासारखी नाही. ल्युटेशियम तुमच्या नावानं मागवतात आन् ते दर साडेसहा-पावणेसात दिवसांत अर्धं होत जाते. तुम्ही सोयाबीन काढणीत अडकले आन् चार दिवसांनी गेले, तर तुमच्या वाट्याचा डोस थांबून राहत नाही. म्हणून तारीख घेतानाच घरात बोलून घ्या, कापूस वेचणीचे दिवस, लग्नाची तिथी, सगळं पाहा, आन् एकदा हो म्हटलं की मग जा. कधी कधी उलटंही होते, माल आला नाही म्हणून हॉस्पिटलच तारीख पुढं ढकलते, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी फोन करून पक्कं करा. रक्ताचे रिपोर्ट आठवडाभर आधी तालुक्याला करून व्हॉट्सअॅपवर पाठवता येतात का तेही विचारा. काही ठिकाणी चालते, मग हिमोग्लोबिन कमी निघालं तर गाडीभाडं तरी वाचते.

एक दिवस आधी पोहोचा. पहाटेच्या एसटीनं निघून अकराच्या अपॉइंटमेंटला टेकायचं, हे पावसाळ्यात तर करूच नका. ७५ वर्षांच्या वरच्यांना एसटी फुकट आहे, पण हाडं दुखणाऱ्या माणसाला आपल्या रस्त्यावरून एसटीच्या मागच्या सीटवर नेणं म्हणजे शिक्षा आहे, जाताना पुढची सीट मागून घ्या. मुंबईला जायचं असेल तर बडनेऱ्याहून किंवा वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस, सेवाग्राम एक्सप्रेस आहेत. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आन् थर्ड एसीत तिकीट फुकट आन् सोबतच्याला ७५ टक्के सूट असते, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यायचा आन् स्टेशनच्या खिडकीवरून तिकीट काढायचं. मुंबईत राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आपल्या शेंडगावच्या गाडगेबाबांची, टाटाचे किती तरी पेशंट तिथं राहतात. जागा भरलेली असते, हॉस्पिटलच्या समाजसेवकाकडून चिठ्ठी घेऊन जा.

सोबत दोन जुने कपड्याचे जोड, पायजमा नाडीचा नको इलास्टिकचा घ्या, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, कानाचं मशीन असेल तर त्याचे सेल, आन् साधा फोन ज्याच्यात तुमचा नंबर एका बटणावर लावलेला असेल. नवीन धोतर-टोपी घालून नेऊ नका, तिथं लघवीचा थेंब पडला तर तो कपडा ठेवून घेतात.

डोसचा दिवस

हा दिवस सगळ्यात सोपा जातो, हे मी कोणाला सांगितलं तर पटत नाही. सलाइन लावतात, उलटी होऊ नये म्हणून औषध देतात, मग शिशाच्या आवरणातून आणलेला डोस हळूहळू शिरेत सोडतात, काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. दुखत नाही, जळत नाही. नेहमीचा डोस ७.४ गिगाबेकेरल, जुन्या भाषेत २०० मिलिक्युरी, फाइलवर तसं लिहिलेलं दिसेल. कुठं कुठं लाळेच्या ग्रंथी वाचाव्या म्हणून गालाला बर्फाच्या थैल्या लावतात.

मग पेशंट एका वेगळ्या खोलीत एकटा. तिथला संडास वेगळा, त्याचं पाणी आधी एका टाकीत साठवून ठेवतात, किरण कमी झाले की मगच पुढं सोडतात. नर्स कॅमेऱ्यावर पाहते, फोनवर बोलते, जेवण दारात ठेवते. किती वेळ ठेवायचं ते मशीननं किरण मोजून ठरवतात, बहुतेक एखाद-दोन दिवस. इथं म्हातारे लोक खचतात. आयुष्यभर चार माणसांत झोपलेला माणूस, त्याला एकट्याला बंद खोलीत ठेवलं की रात्री घाबरते. वाशीमकडचे एक रिटायर कंडक्टर होते, ते रात्रभर पोराला फोन लावत होते, की दार बाहेरून लावलं का पाहून ये. म्हणून आधी सांगून ठेवा खोली कशी असते, किती वेळ, कोणाला हाक मारायची. फोनमध्ये हरिपाठ, भजनं भरून द्या. आमच्या बाबांनी तुकडोजी महाराजांच्या भजनांवर रात्र काढली आन् सकाळी नर्सलाच ऐकवत बसले होते.

काम एकच, पाणी पीत राहायचं आन् लघवीला जात राहायचं. हार्टचा किंवा किडनीचा पेशंट असेल तर किती प्यायचं ते डॉक्टर सांगतील. ज्यांना लघवी धरता येत नाही, थेंब गळतात, त्यांनी लाजू नये, भरतीच्या वेळीच सांगावं.

घरी सोडायच्या आधी किंवा त्याच्या आसपास एक फोटो काढतात. ल्युटेशियम स्वतःच थोडे गॅमा किरण सोडते, त्यामुळं औषध कुठं कुठं जाऊन बसलं ते दिसते. त्याची कॉपी मागून घ्या.

घरी आल्यावर

येताना गाडी केली असेल तर पेशंट मागच्या सीटवर, ड्रायव्हरच्या तिरक्या बाजूला. गच्च भरलेल्या काळीपिवळीत, मांडीला मांडी लावून, लेकरू घेतलेल्या बाईच्या बाजूला बसवून आणू नका. एसटीनं आणायचं असेल तर चालते का आन् केव्हा, हे सुटी देताना विचारा. डिस्चार्ज कार्ड खिशात राहू द्या, विमानतळासारख्या ठिकाणी किरण ओळखणारं यंत्र असलं तर कामी पडते.

अंतराचे नियम हॉस्पिटल लिहून देते. औषधाच्या अधिकृत माहितीत असं आहे: घरच्या मोठ्या माणसांनी पहिले २ दिवस तीन फुटांच्या आत जास्त वेळ बसू नये, लेकरं आन् गरोदर बाई यांच्यापासून ७ दिवस लांब. झोपायला घरच्यांपासून ३ दिवस वेगळी खोली, लेकरांपासून ७ दिवस, गरोदर बाईपासून १५ दिवस. नवराबायकोचा संबंध ७ दिवस नाही. आपलं हॉस्पिटल याच्यापेक्षा जास्त दिवस सांगेल तर ते धरा. आपल्या दोन खोल्यांच्या घरात हे कसं करायचं? ओसरीवर बाज टाका, हिवाळा असेल तर ताटव्याचा आडोसा करा. घरात सून गरोदर असेल तर तिला त्या पंधरा दिवसांत माहेरी पाठवा, सगळ्यांचीच सोय होते. नातवाला समजावणं सगळ्यात कठीण असते, तो आजोबाच्या अंगावर उडी मारणारच, त्याला मामाकडं धाडणं बरं.

पण याचा अर्थ माणसाला वाळीत टाकायचं असा नाही. एका गावात म्हाताऱ्याला भीतीनं पंधरा दिवस गोठ्यात ठेवलं होतं आन् ताट लांबून सरकवत होते. काही गरज नाही हो. ताट हातात द्या, औषध द्या, पाठीवर हात फिरवा, दारात बसून गप्पा मारा. बाजूला चिकटून तासन् तास बसायचं नाही एवढंच. गाईम्हशीला काही होत नाही, दूध काढणाऱ्यालाही नाही. पेशंटनं ते दोन-चार दिवस धार काढायला बसू नये, कारण त्याला थकवा असतो.

लघवीचं नीट ऐका. बरंचसं औषध पहिल्या दोन दिवसांत लघवीतूनच जाते. बसून लघवी करायची, उभ्यानं नाही. घरचा संडास वापरायचा, बांधावर, उकिरड्यावर, मोरीत नाही. फ्लश नसेल तर दोन बादल्या पाणी ओतायचं, साबणानं हात धुवायचे. शोषखड्ड्याचा संडास असेल तरी चालते, दोनेक महिन्यांत किरण जवळपास संपतात, तोवर तो खड्डा उपसायचा नाही. नळी असेल तर पिशवी रिकामी करताना हातमोजे घाला. डायपर असेल तर ते अंगणात जाळू नका, दुहेरी पिशवीत बांधून कुठं ठेवायचं, किती दिवस, ते हॉस्पिटलकडून लिहून घ्या. कपडे, चादर वेगळी धुवा, मग पुढच्या वेळी सगळ्यांसोबत धुतली तरी चालते. ताट-पेला वेगळा ठेवला आन् धुतला की झालं, फेकायची गरज नाही.

आन् खर्रा. आपल्या भागातला हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आन् हॉस्पिटलच्या छापील कागदात तो नसतो. लाळेतपण औषध येते, आन् आपला माणूस खर्रा खाऊन ओसरीच्या कोपऱ्यात, भिंतीवर, तुळशीच्या बाजूला थुंकत बसते. निदान तो आठवडा खर्रा बंद. नाहीच राहवलं तर संडासात थुंकून पाणी ओतायचं. तसंही तोंड कोरडं असताना सुपारी-चुना खाल्ला तर गाल सोलून निघतात, मग जेवणही जात नाही.

त्रास काय काय होतो

थकवा सगळ्यात जास्त, व्हिजनच्या अभ्यासात शंभरातल्या ४३ लोकांना झाला. तोंड कोरडं पडणं ३९ जणांना, मळमळ ३५ जणांना. केस जात नाहीत, किमोसारखा घाबरण्याजोगा अवतार होत नाही.

थकव्याला औषध नाही, पण झोपून राहिलं की तो वाढतो. सकाळी ऊन व्हायच्या आत पारापर्यंत चालून यायचं, दुपारी आराम. आपल्याकडचा मे महिना म्हणजे ४५-४६ डिग्री, अशात डोस आला तर दुपारी घराबाहेर पडायचंच नाही, कूलरचं पाणी बदलत राहा.

तोंडासाठी: ज्वारीची भाकर कोरडी जाणार नाही, ती वरणात, कढीत, भाजीच्या रश्शात कुस्करून द्या. मुगाची पातळ खिचडी, आंबील, ताक, उकडलेलं अंडं, केळ. ठेचा आन् झणझणीत रस्सा थोडे दिवस बाजूला. खिशात खडीसाखर किंवा आंबट गोळी ठेवायची, शुगर असेल तर बिनसाखरेची. दात आधीच किडलेले असतील तर डोस सुरू व्हायच्या आधी दाताच्या डॉक्टरला दाखवा, लाळ कमी झाली की दात भराभर जातात. हाडाच्या ताकदीचं झोलेड्रोनिक अॅसिड सुरू असेल तर दात काढण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय दात काढू देऊ नका.

पहिल्या चार-सहा दिवसांत हाडं आधीपेक्षा जास्त दुखू शकतात. बाबांचंही दुखलं, आम्हाला वाटलं इलाज उलटला. डॉक्टरांनी सांगितलं की असं होते, आन् आठवड्यात ते उतरलं. त्या दिवसांसाठी पेनकिलरची चिठ्ठी आधीच घेऊन ठेवा, म्हणजे पुन्हा ते डायक्लो नको.

दोन डोसच्या मधात

डोस साधारण सहा आठवड्यांनी, आन् जास्तीत जास्त सहा. सगळ्यांचे सहा होत नाहीत. मधात सांगितल्याप्रमाणे सीबीसी आन् क्रिएटिनिन करायचं, रिपोर्ट एका वहीत तारखेनं लिहायचे. हिमोग्लोबिन घसरलं तर रक्त चढवायला जिल्ह्याला जावं लागते, रक्तदाता शोधून ठेवा, आपल्याकडं ऐनवेळी पोरं मिळतात पण त्यातल्या निम्म्यांचंच हिमोग्लोबिन कमी निघते.

पीएसए दर आठवड्याला करू नका, जीव टांगणीला लागतो आन् पैसे जातात. पहिल्या डोसनंतर कधी थोडा वाढूनही दिसतो. डॉक्टर पीएसए, दुखणं, वजन आन् फोटो सगळं मिळून पाहतात. दोन डोस होऊनही पीएसए चढतोय, नव्या गाठी दिसतायत, तर थांबायचं का, हे पेशंटसमोर स्पष्ट विचारा. पैसे भरून ठेवले म्हणून पुढचा डोस घ्यायचा, असं करू नका. अशा वेळी दुसरी किमो, किंवा काही मोठ्या केंद्रांत अॅक्टिनियम-२२५ देतात, तो जास्त जोराचा आहे पण तोंड कोरडं पडायचा त्रासही त्यात जास्त.

लगेच फोन करायचा तो कशाला

पाय एकदम लुळे पडले, कमरेखाली बधिर झालं, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर मणक्यात नस दबून राहिली असं समजा आन् त्याच दिवशी, रात्र असली तरी, १०८ बोलवा. उद्या पाहू म्हणून थांबलेले लोक मग उठतच नाहीत. ताप १०१ च्या वर, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल-निळे ठिपके, लघवी बंद, सारखी उलटी होऊन पाणी न राहणं, यालाही थांबायचं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात गेले तर पहिलंच सांगा की अमुक तारखेला ल्युटेशियमचा डोस झाला आहे आन् डिस्चार्ज कार्ड दाखवा, नाहीतर तिथला डॉक्टर गोंधळतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही पण सांगतो. डोसनंतर थोड्याच दिवसांत माणूस गेला तर आंघोळ, अंत्यविधी सुरू करायच्या आधी डोस दिलेल्या विभागाला फोन करा. किती दिवस झाले त्यावरून काय काळजी घ्यायची, कोणी हात लावायचा, ते सांगतात. तो नंबर फोनमध्ये आन् भिंतीवर, दोन्हीकडं लिहून ठेवा. वही, पेट स्कॅनची सीडी, डोसचे सगळे कागद आन् हार्मोनच्या इंजेक्शनची पुढची तारीख एकाच पिशवीत राहू द्या, शेवटचा डोस झाला तरी ती पिशवी दर तपासणीला सोबत न्यायची आहे.